पोटात पाणी होण्याआधी

पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचं पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरतं. जवाहर चौकातल्या दुकानदारांना माल वरच्या फळीवर चढवायची सवयच होऊन गेली आहे. पूर ओसरला की पिण्याच्या पाण्याची काळजी लागते. सांडपाणी विहिरीत किंवा नळाच्या पाण्यात मिसळलं, तर पुढच्या काही आठवड्यांत कावीळ डोकं वर काढते. ही कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. डोळे पिवळे, लघवी गर्द, जेवणाचा वाससुद्धा नकोसा. बहुतेक माणसं महिना-दीड महिन्यात आपोआप बरी होतात आणि श्रेय मिळतं गळ्यातल्या माळेला, चुन्याच्या पाण्यात धुतलेल्या हातांना किंवा कोणीतरी दिलेल्या पाल्याला. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेतू शकतं. पण एरवी निसर्ग माळवाल्याच्या बाजूने असतो, त्यामुळे माळेवरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे.

लिव्हरचा आजार म्हणजे पिवळेपणा, पथ्य आणि मग बरं होणं, हे चित्र त्यातून मनात पक्कं बसलं. हिपॅटायटिस सी या चित्रात कुठेच बसत नाही. तो पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. शरीरात शिरतो तेव्हा बहुतेकांना कावीळ होतच नाही. झालीच तर थोडा थकवा, दोन दिवसांची कणकण. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं माणूस शेतात राबतो, मुलांची लग्नं करतो, गणपतीत रात्रभर भजनाला बसतो. माळ घालायला जावं असं काही घडतच नाही. घडतं तेव्हा डोळ्यांआधी पोट बोलतं, आणि तोवर यकृताचा बराचसा भाग निबर झालेला असतो.

हा विषाणू सापडलाच मुळी उशिरा. रक्त चढवलेल्या रुग्णांना ए आणि बी या दोन्हींत न बसणारा एक यकृतदाह होतो, हे अमेरिकेत हार्वे आल्टर यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. पुढे १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा विषाणू ओळखला, आणि हा विषाणू एकट्यानेही यकृतदाह घडवतो हे चार्ल्स राइस यांनी सिद्ध केलं. या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. म्हणजे १९८९ पूर्वी जगातल्या कुठल्याही रक्तपेढीला या विषाणूची तपासणी करणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे तर प्रत्येक बाटलीची ही तपासणी बंधनकारक होईपर्यंत नवं शतक उजाडलं. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवरची बंदीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून अमलात आली.

सुईची गोष्ट याहून मोठी. गोळी दिली की डॉक्टरांनी काहीच केलं नाही असं वाटणारा समाज आपला. काचेची सिरिंज आणि सुई स्टीलच्या डब्यात उकळायची, तीच दिवसभर वापरायची, गर्दीच्या दिवशी उकळणं राहून जायचं. या शतकाच्या सुरुवातीला भारतभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी जवळजवळ ६३ टक्के कुठल्या ना कुठल्या कारणाने असुरक्षित होती. जत्रेत एकाच सुईने अनेकांना काढलेलं गोंदण, न्हाव्याचा सामायिक वस्तरा, डायलिसिस केंद्रातली हयगय या वाटाही आहेतच. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा आईच्या दुधातून हा आजार पसरत नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण घरात निदान झालं की भांडी वेगळी ठेवली जातात.

आता एक रुग्ण कल्पनेने समोर ठेवू. राजापूर तालुक्यात पाचलच्या बाजूचं गाव. वय ५८. तरुणपणी इतर हजारोंसारखा मुंबईला नोकरीला गेला. १९९३ साली कारखान्यात अपघात झाला, पायाची शस्त्रक्रिया झाली, दोन बाटल्या रक्त चढवलं. पाय बरा झाला. नोकरी संपल्यावर हा चाकरमानी गावी परतला, घर दुरुस्त केलं, थोडी कलमं लावली. दारूला कधी स्पर्श नाही. त्याच्या आजाराचं मूळ मुंबईत तीस वर्षांपूर्वीच्या एका वॉर्डात आहे आणि खाट लागणार आहे ती राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात. रुग्णालयांवरच्या या आजाराच्या बोज्याचं खरं स्वरूप हेच आहे: काळ वेगळा, जागा वेगळी, आणि निस्तरायचं ज्याला त्याचा मूळ घटनेशी काही संबंध नाही.

विषाणू शिरलेल्या शंभर जणांपैकी साधारण ५५ ते ८५ जणांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. अशांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो. सोबत दारू, मधुमेह, स्थूलपणा किंवा हिपॅटायटिस बी असेल तर ही गती वाढते. सिरॉसिस म्हणजे यकृताच्या मऊ पेशींच्या जागी निबर, गाठाळ ऊतक तयार होणं. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेने यकृतात जातं. यकृत घट्ट झालं की ते पुढे सरकत नाही. बागेच्या पाटात दगडमाती साचली की पाणी तुंबतं, कडेने फुटतं आणि भलत्याच वाफ्यात शिरतं, तसंच इथे होतं. तुंबलेलं रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांतून वाट काढतं आणि त्या फुगतात. पोटाच्या पोकळीत पाणी झिरपू लागतं. आतड्यातली विषारी द्रव्यं यकृताला वळसा घालून थेट मेंदूपर्यंत जातात. पुढची सगळी दुखणी या तीन फुटलेल्या बांधांची आहेत.

जोवर यातलं काही झालेलं नाही, तोवर सिरॉसिस असूनही माणूस सरासरी बारा वर्षांहून जास्त जगतो. एकदा पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली किंवा शुद्ध हरपली, की उपचारांविना हाच सरासरी काळ दोनेक वर्षांवर येतो. डॉक्टरांच्या भाषेत यकृत भरपाई करत होतं, आता करत नाही. या रेषेच्या अलीकडचा माणूस रुग्णालयाला दिसत नाही, पलीकडचा पुन्हा पुन्हा दिसतो.

आपल्या चाकरमान्याची सुरुवात पायांपासून होते. संध्याकाळी चप्पल घट्ट होते, मग पँट कमरेला बसेनाशी होते. ग्रामीण रुग्णालयात सिस्टर नडगीवर अंगठा दाबून धरतात. "काका, बघा, खळगा पडलाय. पोट कधीपासून वाढलंय?" काका म्हणतात, "गणपतीपासून." सोबत आलेल्या मुलाला बाजूला घेऊन कोणीतरी हलकेच विचारतं, "घेतात का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारावाच लागतो, कारण सिरॉसिसच्या कारणांत दारूचा वाटा फार मोठा आहे. पण गावात तो प्रश्न राहत नाही, निकाल होतो. एकादशी न चुकवणाऱ्या बाईचं पोट वाढलं तरी लोक कुजबुजतात, आणि तिला या आजाराबरोबर बदनामीही सोसावी लागते. रक्ताची एक साधी तपासणी ती बदनामी टाळू शकली असती.

पोटातलं पाणी आधी थोडं काढून तपासतात. त्यातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला २५० च्या वर असतील तर पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. पोट टिच्च भरलेलं असेल, श्वास लागत असेल, तर सुई घालून पाणी काढतात. एका बैठकीत आठ लिटर पाणी निघणं अजिबात विशेष नाही. पण पाच लिटरांच्या वर काढलं की रक्तदाब आणि मूत्रपिंडं कोसळू नयेत म्हणून शिरेतून अल्ब्युमिन द्यावं लागतं, काढलेल्या दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम. आठ लिटरांना साठेक ग्रॅम. शंभर मिलिलिटरच्या एका बाटलीत वीस ग्रॅम असतं, म्हणजे तीन बाटल्या, आणि एकेक बाटली काही हजारांची. माणूस हलका होऊन घरी जातो. मूळ दाब तसाच असल्यामुळे दोन-तीन आठवड्यांत पोट पुन्हा भरतं.

इथे कोकणातल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. अशा रुग्णाला दिवसाला साधारण पाच ग्रॅम मीठ चालतं, म्हणजे सगळं मिळून एक चमचा. सुका बांगडा, खारवलेली मासळी, सांडगी मिरची, पापड, खारातली कैरी, आंब्याचं लोणचं यांतल्या थोड्याच घासांत दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा उरकतो. "आम्ही भाजीत मीठ घालत नाही" असं घरचे अगदी प्रामाणिकपणे सांगतात, आणि ताटाच्या कडेला लोणच्याची फोड असते. उलट पेज मात्र या आजारात फार कामाची. निबर यकृतात साखरेचा साठा उरत नाही, त्यामुळे रात्रभराचा उपास या रुग्णाला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा पडतो आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं. झोपण्यापूर्वी वाडगाभर अळणी पेज घेतली तर हे बरंच टळतं. डाळ, अंडी, ताजे मासे बंद करण्याचा जुना सल्लाही आता मोडीत निघाला आहे. या रुग्णांना प्रथिनं जास्तच लागतात. वॉर्डातून घरी सोडताना हे पाच मिनिटं बसून सांगणारं कोणी असेल तर पुढची एखादी भरती वाचते. अमेरिकेत मिशिगनमध्ये अशा रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा ३७ टक्के रुग्ण महिन्याभरातच पुन्हा दाखल झालेले आढळले, आणि पुन्हा दाखल होण्याच्या सुमारे एक पंचमांश घटना टाळता येण्यासारख्या वाटल्या.

दुसरा प्रसंग रात्रीचा. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटते आणि तांब्याभर रक्ताची उलटी होते. कधी उलटी होत नाही, शौचाला डांबरासारखं काळं होतं आणि माणूस मोरीतच कोसळतो. १०८ ला फोन जातो. ग्रामीण रुग्णालय साधारण तीस खाटांचं. त्याच्या आराखड्यात पोटविकारतज्ज्ञाचं पद नसतं. सलाईन लावायचं, शिरांतला दाब उतरवणारं इंजेक्शन आणि प्रतिजैविक सुरू करायचं आणि पुढे पाठवायचं. रत्नागिरी साठ-पासष्ट किलोमीटर. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर शंभराच्या वर, आणि पावसात दरड आली की तो घाट बंद. मुंबई साडेतीनशेहून जास्त. दुर्बीण घालून शिरेला रबरी रिंग बसवायची ती शक्यतो बारा तासांच्या आत. हा हिशेब राजापूरच्या कुठल्याही घरातून मांडून पाहावा, म्हणजे "रेफर केलं" या शब्दांत काय काय येतं ते कळतं. सगळं वेळेत झालं तरी असा रक्तस्राव झालेल्या शंभरातले पंधरा-वीस जण सहा आठवड्यांत दगावतात.

तिसरा बांध मेंदूकडचा, आणि तो घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवतो. आधी झोप उलटते: दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागा. मग सही बिघडते, पैसे मोजताना घोटाळा होतो, हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले की ते फडफडतात. त्यानंतर बडबड, चिडणं, नातवाला न ओळखणं. बाहेरचं काही लागलं असं वाटून भलतीकडेच धावाधाव होते आणि त्यात दोन दिवस जातात. कारण बहुधा साधं असतं: पोट साफ न होणं, कुठलासा संसर्ग, झोपेची गोळी, पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांचा अतिरेक. लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध असं घ्यायचं की दिवसाला दोन-तीन वेळा शौचाला होईल. इतकं नेमाने पाळलं तर कित्येक जण शुद्धीवर राहतात. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र मूत्रपिंडं घालवतात, हे अशा प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

खाटेचा हिशेब करताना खाटेजवळ बसलेला माणूस मोजला जात नाही. सून किंवा मुलगा वॉर्डात अडकतो, मजुरी बुडते. मार्च ते मे या आंब्याच्या दिवसांत भरती झाली तर वर्षाची कमाई हातची जाते. मुंबईला नेलं तर परळच्या रुग्णालयांच्या आसपास नातेवाइकाची खोली शोधावी लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने कित्येक भरत्यांचा खर्च उचलला आहे, पण बसभाडं आणि बुडालेला रोज तिच्यात येत नाही. शेवटचा उपाय यकृत प्रत्यारोपण, त्याला लाखो रुपये आणि जुळणारा दाता लागतो. राजापूरच्या बहुतेक घरांच्या तो आवाक्यातच नाही.

हे सगळं वाचून मन खचतं खरं, पण याच आजाराला आता औषध मिळालं आहे, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुव्हिर मान्य झालं तेव्हा बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती, एकेक गोळी हजार डॉलरची. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणीही मोफत आणि गोळ्याही. साध्या रुग्णाला सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, सिरॉसिस असेल तर सोफोस्बुव्हिर आणि व्हेलपाटास्व्हिर. रोज एकदा गोळ्या घ्यायच्या, बहुतेकांना बारा आठवडे. पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तातून विषाणू नाहीसा होतो. युरोपात या गोळ्या आल्यावर काही वर्षांतच हिपॅटायटिस सीसाठी होणाऱ्या प्रत्यारोपणांचं प्रमाण निम्म्यावर आलं. यादीत नाव असलेल्या काहींचं यकृत इतकं सावरलं की नाव काढून टाकावं लागलं.

मग अडचण काय? रुग्ण सापडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोक हा विषाणू बाळगून होते. राष्ट्रीय पाहणीत लागण होऊन गेल्याची खूण, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, ०.३२ टक्के लोकांत आढळली. राजापूर तालुक्याच्या दीड लाखांहून अधिक लोकसंख्येला ही सरासरी लावली तर पाचशेच्या आसपास माणसं होतात. त्यांतल्या साधारण साडेतीनशे जणांच्या रक्तात विषाणू टिकून असेल, आणि पन्नास ते शंभर जण वीस वर्षांत सिरॉसिसपर्यंत जातील. ही राजापूरची मोजणी नव्हे. हा आजार पंजाब-हरियाणासारख्या काही राज्यांत दाट आहे, इतरत्र विरळ, आणि देशाची सरासरी एका तालुक्याला चपखल बसत नाही. पण आकडा याच्या निम्मा धरला तरी तीस खाटांच्या रुग्णालयाला तो जड आहे, कारण यातला प्रत्येक जण एकदाच भरती होत नाही.

इजिप्तने सापडत नसलेली माणसं शोधून दाखवली. तिथे १९५० ते ८० च्या दशकांत शिस्टोसोमा या जंतावरच्या सरकारी मोहिमेत नीट न उकळलेल्या सुयांनी खेडीच्या खेडी बाधित झाली होती. ऑक्टोबर २०१८ पासून सात महिन्यांत त्यांनी जवळपास पाच कोटी लोकांची बोट टोचून तपासणी केली आणि सापडलेल्यांना तिथल्याच स्वस्त गोळ्या दिल्या. आपल्याला सगळ्यांना टोचत बसायची गरज नाही. २००२ पूर्वी रक्त चढवलेले, डायलिसिसवरचे, मोठी शस्त्रक्रिया झालेले, गोंदण काढून घेतलेले, वर्षानुवर्षं सुया टोचून घेतलेले, आणि घरात कोणाला लिव्हरचा आजार असलेले एवढे निवडले तरी बरंच साधेल. आशाताईंना वाडीतल्या प्रत्येक घराचा इतिहास तोंडपाठ असतो. कोणाला मुंबईत रक्त चढवलं होतं हे त्या रजिस्टर न उघडता सांगतील. बोट टोचून केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, पाहायचा, आणि त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे.

सिरॉसिस झालाय का, हेही राजापुरात बसून बऱ्यापैकी ओळखता येतं. एसजीओटी आणि प्लेटलेट एवढ्या दोन तपासण्या पुरतात. समजा एसजीओटी ९६, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०, प्लेटलेट ९० हजार. ९६ ला ४० ने भागलं की २.४, त्याला शंभराने गुणून ९० ने भागलं की २.६७. हा आकडा दोनच्या वर गेला की सिरॉसिस धरून चालायचं आणि त्याप्रमाणे औषध निवडायचं. हातात दुसऱ्याच आजारासाठी केलेला रिपोर्ट घेऊन आलेला, प्लेटलेट नव्वद हजार असलेला माणूस दवाखान्यातून "अशक्तपणा आहे" म्हणून परत जाऊ नये, एवढं लक्ष ठेवलं तरी कित्येक पोटं वाढण्याआधी थांबतील.

विषाणू गेला तरी तयार झालेला सिरॉसिस लगेच जात नाही. कित्येकांचं यकृत वर्षागणिक मऊ होत जातं, सगळ्यांचं नाही. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून सिरॉसिस असलेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, आणि ती आयुष्यभर. कार्व्हेडिलॉलसारखी स्वस्त गोळी शिरांतला दाब उतरवते, डॉक्टरांना विचारून ती चालू ठेवायची. दारू पूर्ण बंद. पुन्हा दूषित सुई टोचली तर आजार पुन्हा होऊ शकतो, कारण एकदा बरं झाल्याने संरक्षण मिळत नाही आणि लसही नाही.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी व्हायरल लोडची चाचणी परत करायची. त्यात विषाणू आढळला नाही तर माणूस बरा झाला. बोट टोचून केलेली साधी चाचणी मात्र जन्मभर पॉझिटिव्ह येत राहते, कारण ती विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. पुढे कधी हर्निया किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ती चाचणी होते, कागदावर पॉझिटिव्ह उमटतं आणि घरात पुन्हा घबराट उडते. तेव्हा बारा आठवड्यांनंतरचा व्हायरल लोडचा रिपोर्ट दाखवायचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवावा, आणि पुराच्या पाण्यात गेला तर जिल्हा रुग्णालयात चाचणी पुन्हा करून घ्यावी.